मागच्या दाराची रीत

कोरा ट्रेडवेचे बोलणे संपले आणि कॅझिमिर व्रोबेल जुन्या सवयीने खुर्चीतून उठला. टेबलाला वळसा घालून तो तिच्यापाशी गेला, तिच्या खांद्यावर हलकेच तळहात ठेवला, आणि खालच्या पट्टीतल्या स्थिर आवाजात म्हणाला, "बाहेर एमेट गाडी घेऊन उभा आहे. सावकाश जा. घाई नाही." इतके बोलून तो तिला दारापर्यंत पोचवायला निघालाही. दाराची पितळी मूठ हाताला थंड लागली, तेव्हा कोठे त्याच्या ध्यानात आले की कोरा जागची हललेली नाही. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्याशी हसू आणि रडू एकाच वेळी येऊन थबकले होते.

"कॅझकाका," ती म्हणाली, "मी नाही चाललेय."

जायचे होते ते त्याला. वीसहून अधिक हिवाळे तो काचेच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या टोलेडोच्या 'ग्लेझियर्स', म्हणजे काचकरी, या अमेरिकन फुटबॉल संघाचा जनरल मॅनेजर होता. प्रशिक्षकांनी खेळवायचे आणि कॅझने निवडायचे, कोणाला घ्यायचे, कोणाला ठेवायचे आणि कोणाला नारळ द्यायचा हे ठरवायचे, अशी वाटणी कोराच्या वडिलांनी, म्हातारबा ऑर्विल ट्रेडवेंनी, करून दिली होती. आणि जे ठरवतो त्यानेच ते माणसाच्या तोंडावर सांगावे, हा नियम कॅझने स्वतः स्वतःला घातला होता. आजवर या खोलीत निरोपाचे वाक्य कोणी बोलले असेल तर ते त्यानेच. ऐकण्याच्या बाजूला तो कधी उभा राहिलाच नव्हता. त्यामुळे कान ऐकत असताना देहाने आपली नेहमीची भूमिका उचलली, आणि जिला संघाचा कारभार वडिलांकडून मिळाला होता त्या मालकिणीलाच त्याने निरोप देऊन टाकला. कोरा हसली नाही, तिने त्याला लाजवले नाही. तिने एवढेच सांगितले की त्याच्या जागी डेरियस पेटवे येईल, की दोन वाजता वर्तमानपत्रवाल्यांना बोलावले आहे, आणि तिची एक विनंती आहे. त्या वेळी कॅझकाकांनी डेरियसच्या शेजारच्या खुर्चीवर बसावे. ते बसले तर गाव डेरियसला आपला म्हणेल. ते न दिसले, तर त्यांच्या जाण्याचा बोल पहिल्याच दिवशी त्याच्या माथी लागेल. "विचार करून सांगतो," असे तो म्हणाला, आणि ती गेल्यावर दार त्याने आतून सावकाश लावून घेतले.

खिडकीबाहेर सरावाचे मैदान बर्फाखाली गुडूप झाले होते. खिडकीची काच ट्रेडवेंच्या काचकारखान्यातलीच, जुनी, किंचित लहरी. डोके हलवले की मैदानाची रेघही हलायची, आणि स्थिर राहिले की स्थिर व्हायची. कालचा, हंगामातला शेवटचा सामना संघ याच बर्फात हरला होता. मध्यंतरात एक छोटे विमान मैदानावरून घिरट्या घालून गेले होते, आणि त्याच्या शेपटीला बांधलेल्या लांबलचक कापडावर त्याला घरी पाठवा असे लिहिलेले होते. वर्गणी काढून लोकांनी ते भाड्याने आणले होते, आणि कॅझला त्यांचा राग आला नव्हता. नऊ वर्षांत संघ बाद फेरीपर्यंत पोचला नव्हता. लाग्रेंज रस्त्यावरचा खाटीक त्याला सॉसेज बांधून देताना एके काळी दोन जास्त टाकायचा, तो आता नुसता मान खाली घालून मोजायचा. हे येणार हे त्याला कळत होते. पण येणारे कळणे निराळे आणि आलेले अंगावर घेणे निराळे. आणि अंगावर आल्यावर त्याला जे लागले ते पद जाण्याचे नव्हते. कोराने वापरलेली वाक्ये त्याचीच होती. हा निर्णय माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. तुमच्यात काही कमी नाही, इथली जागा संपली आहे. तुम्ही दिलेले आम्ही विसरणार नाही. सोळा वर्षांची असताना वडिलांच्या आज्ञेवरून ती उन्हाळाभर या खोलीच्या कोपऱ्यात, स्टुलावर, गुडघे जुळवून बसायची. धंदा शिकायचा तर आधी निरोप कसा देतात ते बघ, असे ऑर्विलने तिला बजावले होते. ती वाक्ये तिने तेव्हा वेचली असणार. एखाद्या पंतोजीला शिष्याच्या तोंडून आपलाच पाठ बिनचूक ऐकू यावा, आणि त्याच क्षणी त्या पाठात अर्थ काहीच नाही हे उमगावे, तसे कॅझला झाले. तुमच्यात काही कमी नाही. हे ऐकताना माणसाला आपल्यातले सगळे उणे ओळीने उभे राहिलेले दिसते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

त्याने घरी फोन लावला. बर्निसने पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे ती फोनपाशीच होती. तिला ठाऊक होते. कोराने काल तिला फोन करून त्याच्या हृदयाची चौकशी केली होती, डॉक्टर अलीकडे काय म्हणाले वगैरे. चाळीस वर्षांच्या संसारात बर्निसला एवढे उमगायला वेळ लागत नव्हता. मग तिने कोबीचा विषय काढला. खिमा भरलेल्या कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या, गोलॉम्बकी, तिने चुलीवर चढवल्या होत्या. "तुझ्या घाईपायी आयुष्यभर अर्धकच्च्या खाल्ल्या मी," ती म्हणाली. "आज नीट शिजू देते त्या. ये मग हळूहळू." त्याने हो म्हटले.

भिंतीवर लोखंडी फळा होता, त्यावर पुढच्या वर्षीच्या खेळाडूंच्या नावांच्या चुंबकी पट्ट्या. एक पट्टी तिरपी झाली होती. ती सरळ करायला त्याचा हात उठला, आणि अर्ध्यावरून खाली आला.

निरोप देण्याची ती रीत त्याने घडवली होती, तिला कारण होते. तिशीत, दुसऱ्या एका शहरातल्या संघात, तो नवे खेळाडू हेरणारा, हाताखालचा पारखी म्हणून नोकरी करायचा. तिथला साहेब भोजनगृहाच्या दारात उभा राहून नावे पुकारायचा. एका सकाळी त्याने असेच एक नाव पुकारले आणि गडगडाटी आवाजात म्हणाला, सामान बांध. तो खेळाडू, जाड मानेचा, शेतावरून आलेला ह्रुस्का नावाचा मुलगा, नुकताच ताट भरून वळला होता. दीडशे माणसांचे चमचे एकाच वेळी थांबले. ह्रुस्का उभाच राहिला. त्याला ताट कुठे ठेवावे ते कळेना. परत ठेवायला गेला तर रांगेतल्यांनी अंग चोरले. टेबलापाशी गेला तर तिथल्यांनी माना खाली घातल्या. शेवटी त्याने ते ताट तसेच, वाफाळत्या अंड्यांसकट, खिडकीच्या कठड्यावर ठेवले आणि तो बाहेर पडला. ते ताट दुपारपर्यंत तिथेच होते. कॅझने त्या दिवशी मनाशी शपथ घेतली की आपल्या हाती अधिकार आला तर एकाही माणसाला असे ताट हातात धरून उभे राहावे लागणार नाही. आपल्याकडे प्रतिष्ठापना केलेली मूर्ती उचलण्याआधी तिच्यावर अक्षता वाहतात, तिला जागच्या जागी जराशी हलवतात, आणि मगच नेतात. ज्याला एकदा बोलावून बसवले त्याला उठवण्याचाही काही विधी असतो, अशी जी समजूत सगळ्या जुन्या लोकांत असते ती कॅझमध्येही होती, आणि त्याने तो विधी बांधला. संघाची गाडी हाकणाऱ्या एमेट पर्डीने सकाळी माणसाच्या खोलीवर जायचे, दार हलकेच वाजवायचे आणि म्हणायचे, साहेबांनी बोलावलंय, डावपेचांचं पुस्तक परत करायला बरोबर घ्या. खेळाडू एमेटला पाठीमागे यमदूत म्हणत. कॅझने टेबलाआड बसून बोलायचे नाही. उभे राहायचे, चार वाक्ये बोलायची, खांद्यावर हात ठेवायचा, दारापर्यंत पोचवायचे. आणि तिथून एमेटने त्या माणसाला भोजनगृह टाळून मागच्या बोळाने, मागच्या दाराने, थेट गाडीत बसवायचे. कोणाची नजर नाही, कोणाचा चमचा थांबणे नाही. इतर संघांतले मॅनेजर त्याला हसत. या माणसाकडे नारळसुद्धा शेंडी नीट विंचरून मिळतो, असे कोणीतरी एका मेजवानीत म्हटले होते, आणि कॅझला त्याचा मनातून अभिमान वाटला होता.

त्याचे वडील ट्रेडवेंच्या काचकारखान्यात भट्टीपुढच्या लांब बोगद्यावर होते. तापलेली काच त्या बोगद्यातून इंचाइंचाने सरकत, उबेतून कमी उबेत, पलीकडच्या तोंडाशी यायची. तापवायला कोणीही तापवील, ते म्हणायचे, निववणं हे खरं काम. घाईने बाहेरच्या वाऱ्यात काढलेली काच तेव्हा तडकत नाही. चांगली दिसते, चांगली विकली जाते, आणि एखाद्या दुपारी, कोणी हातही लावलेला नसताना, कपाटातल्या कपाटात आपली आपण फुटते. लहानपणी कॅझला या गोष्टीची भीती वाटायची. घरातल्या पेल्यांकडे तो संशयाने बघायचा. मोठेपणी त्याला वाटत आले की निववण्याचे काम आपण माणसांच्या बाबतीत करतो आहोत, आणि वडिलांना ते पसंत पडले असते.

दार वाजले, आणि डेरियस पेटवे आत आला. चाळिशी ओलांडलेला, अंगाने अजून धावपटूसारखा, कानशिलापाशी पांढरा. तो बसला नाही. एके काळी तो याच संघात खेळायला आला होता. उन्हाळी शिबिराच्या अखेरीस कॅझने त्याला निरोप दिला, आणि त्याच हिवाळ्यात पत्र पाठवून पारखी म्हणून परत बोलावले. खेळापेक्षा खेळणाऱ्यांना ओळखणारा डोळा त्याला आहे, हे कॅझने हेरले होते. पुढचे सगळे त्याने इथेच, या टेबलाच्या पलीकडे बसून शिकले. आता तो दारापाशी उभा राहून हातातली लोकरी टोपी फिरवत होता, आणि त्याच्याकडे पाहताना कॅझला मत्सर शोधूनही सापडेना. सापडली ती फक्त एक विचित्र लाज, आपल्याला कोणी उघडे असताना पाहावे तशी.

"बॉस, दोन वाजता येऊ नका," डेरियस म्हणाला.

"कोरानं बोलावलंय."

"तिनं बोलावलंय. मी सांगतोय, येऊ नका. माझ्या डोक्यावर काय यायचं ते येऊ दे, मी बघून घेईन. आपलीच खुर्ची दुसऱ्याखाली बघायला माणसाला कशाला बसवायचं?" मग आवाज उतरवून तो पुढे म्हणाला, "एमेटला मागच्या दाराशी थांबायला सांगितलंय. तुम्ही मला पाठवलंत ना, तसं."

म्हणजे ते पोचले होते. निदान एका माणसापर्यंत ती रीत रीत म्हणून पोचली होती. त्याला ते आणखी ऐकावेसे वाटले. साठी उलटलेल्या, आजच्या दिवशी रिकाम्या झालेल्या माणसाचा तेवढा लोभ क्षम्य होता.

"मी काय बोललो होतो तेव्हा, आठवतं?"

डेरियसने छताकडे पाहिले. तो प्रामाणिकपणे आठवत होता. "नाही," तो म्हणाला.

"एकही वाक्य नाही?"

"खरं सांगू? एकही नाही. कानांत नुसता घूं आवाज होता. तुमच्या टायवर अंड्याचा डाग होता, पिवळा, हा असा. मी सगळा वेळ त्याच्याकडे बघत होतो. म्हटलं, या माणसाच्याही घशाखाली आज सकाळी नीट काही उतरलेलं दिसत नाही." तो हसला. "मग तुमचा राग नाही आला. आणि ते दार आठवतं."

"कुठलं दार?"

"मागचं." टोपी फिरायची थांबली. "ओटिस नावाचा माझा खोलीतला जोडीदार होता. अख्खा उन्हाळा एका खोलीत काढला आम्ही. रात्री तो घोरायचा, मी बूट फेकून मारायचो. तो त्या वेळी आत नाश्त्याला बसला होता, मला काचेतून त्याची पाठ दिसली. मी एमेटला म्हटलं, एक मिनिट आत जाऊन येतो. तो म्हणाला, साहेबांचा नियम आहे. मग बसलो गाडीत." त्याने खांदे उडवले. "पुन्हा काही भेट झाली नाही. फोन करायचा तर काय म्हणून करायचा, असं वाटत राहिलं, मग राहूनच गेलं. त्याला वाटलं असेल मी तोंड लपवून पळालो. सगळ्यांनाच वाटलं असेल."

खिडकीच्या काचेत मैदानाची रेघ हलली. म्हणजे कॅझचे डोके हलले होते. "इतकी वर्षं बोलला नाहीस."

"तुम्ही चांगुलपणानं केलं होतं, बॉस. चांगुलपणानं केलेल्याची तक्रार कुठं करायची?"

"मग मला त्याच दारानं का पाठवतोस?"

हळूहळू डेरियसच्या चेहऱ्यावर मघाशी कोराच्या ओठांशी थबकलेले तेच दुहेरी काहीतरी उमटले. "खरंच की," तो म्हणाला. "मला दुसरी रीत माहीतच नाही. तुमच्याकडेच शिकलो ना."

तो गेला. कॅझ कोट हातात घेऊन उभा राहिला, आणि त्याच्या मनात ती माणसे येऊ लागली. चेहऱ्यांनी नव्हे, पाठींनी. त्याने प्रत्येकाला दारापर्यंत पोचवले होते, म्हणजे प्रत्येकाची शेवटची त्याला दिसलेली गोष्ट पाठ होती. बोळात उजवीकडे वळणारी पाठ. त्या वळणाशी पुष्कळजण किंचित थांबत, हे त्याला आता आठवले. तो थांबा त्याला नेहमी दिसला होता. दुःखाचा थांबा, असे त्याने त्याला नाव देऊन ठेवले होते, आणि त्या दुःखाला आपण आडोसा दिला याचे समाधान मानले होते. त्या वळणावरून भोजनगृहाची काच दिसते, हे त्याच्या कधी मनात आले नाही. आतल्यांचे चमचे थांबू नयेत म्हणून त्याने जाणाऱ्यांचे निरोप थांबवले होते. ह्रुस्काचे ताट त्याला सोसले नव्हते, आणि ते पुन्हा आपल्या डोळ्यांना दिसू नये म्हणून त्याने एक दार बांधले, आणि त्या दाराला दया म्हटले. शिबिराच्या सहा आठवड्यांच्या भट्टीतून तापलेली ती माणसे त्याने थेट गावालगतच्या सरोवराच्या वाऱ्यात काढली होती. त्या दिवशी ती तडकली नाहीत, चांगली दिसली. कोठकोठल्या कपाटांत, कोणत्या दुपारी, त्यांतली कोण आपली आपण फुटली असतील हे त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. तरीही या विचाराने तो मोडला नाही. उलट सकाळपासून पायांखाली जी पोकळी होती तिथे काहीतरी टेकायला मिळाले. चूक ही निदान त्याची होती. ती जागा अजून कोणी त्याच्याकडून काढून घेतली नव्हती.

बोळात थंडी होती. एमेट पर्डी मागचे दार पाठीने उघडे धरून उभा होता, मफलर नाकापर्यंत, आणि त्याच्यामागे गाडीच्या धुराचा पांढरा गोळा हवेत लोंबत होता. दोघे एकाच वयाचे, एकाच चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेले. एमेटने काय बोलावे ते आयुष्यभर एकच होते, आणि आज ते बोलण्यासारखे नव्हते, म्हणून त्याने गाडी गरम करून ठेवल्याचे तेवढे सांगितले.

कॅझ वळणाशी थांबला. काचेतून भोजनगृह दिसत होते. हंगाम संपल्याच्या दुसऱ्या दिवशी खेळाडू आपापली कपाटे रिकामी करतात; काळ्या मोठ्या कचऱ्याच्या पिशव्यांत बूट, टॉवेल, मुलांची चित्रे, सगळे कोंबून त्या पिशव्या शेजारच्या खुर्च्यांवर बसवून ती अगडबंब माणसे शेवटचे जेवत बसली होती. कोणीतरी कोणाला कोपराने ढोसत होते. कोणाला काय कळले होते आणि काय नाही, काचेबाहेरून सांगता येत नव्हते.

"एमेट," त्याने विचारले, "आत जाऊन येतो, असं कोणी म्हणायचं का तुला?"

एमेटने मफलर खाली ओढला. "म्हणायचे की."

"बरेच?"

"बरेच." मग तो म्हणाला, "आज काय, तू पण म्हणणार का?"

"डेरियसला निरोप दे," कॅझ म्हणाला. "दोन वाजता दोन खुर्च्या मांडायला सांग. आणि ते दार लाव, एमेट. थंडी आत येतेय."

दार लागल्याचा आवाज त्याच्या पाठीमागे झाला, तोवर तो वळला होता. भोजनगृहाचा दरवाजा ढकलताच अंड्यांचा, कॉफीचा, ओल्या लोकरीचा वास त्याच्या तोंडावर आला. बोलणी आधी जवळच्या टेबलांवर विरली, मग लांबच्या, चमचे थांबले. कळले होते तर. त्याने रांगेतून ताट उचलले. आचाऱ्याने त्यात अंडी वाढली, सॉसेज वाढले, आणि मग आणखी दोन वाढली. ताट घेऊन कॅझ वळला. समोर दीडशे चेहरे, आणि एकही रिकामी खुर्ची नाही. प्रत्येक मोकळ्या जागेवर एकेक काळी पिशवी पोट फुगवून बसलेली. ताट जड होते. ते कुठे ठेवावे हे त्याला कळेना, आणि ह्रुस्काला नेमके काय झाले असेल हे त्याला, इतक्या वर्षांनी, मनगटांत कळले.

खिडकीजवळच्या टेबलावरून टोबायस ल्युंड उठला. आघाडीच्या फळीतला हा आडदांड गडी कॅझने पाच वर्षांपूर्वी कोणाला नको असताना निवडला होता. त्याने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी एका हाताने उचलून जमिनीवर आदळली. आत काहीतरी फुटल्यासारखे वाजले, त्याकडे त्याने पाहिले नाही.

"इथं ठेवा, साहेब," तो म्हणाला. "अंडी तुम्ही निवडल्यासारखीच आहेत, आमच्यासारखी ढिली. पण बसा."

कोणीतरी फिस्सकन हसले, मग दुसरे कोणी. कॅझने ताट टेबलावर ठेवले. चमचे पुन्हा वाजू लागेपर्यंत तो थांबला, मग त्याने टाय उचलून खांद्यावरून मागे टाकला, आणि क्षणभर विचार करून पुन्हा पुढे सोडला.